बाष्परोधक पटल, जोत्याखालील

बाष्परोधक पटल, जोत्याखालील : मातीतील ओलावा घरात येऊ नये म्हणून तळमजल्याच्या फरशीखाली, भरणी आणि काँक्रीट यांच्या दरम्यान अंथरलेले प्लॅस्टिकचे सलग व पातळ आवरण. ते बहुधा कमी घनतेच्या पॉलिएथिलिनचे म्हणजे पॉलिथीनचे असते. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये किंवा बाजारातील रूढ ‘गेज’ या एककात सांगतात. ४ गेज म्हणजे १ मायक्रॉन. त्यामुळे १,००० गेजचे पटल २५० मायक्रॉन, म्हणजेच पाव मिलिमीटर जाडीचे भरते. हे पटल एकदा काँक्रीटखाली गेले की पुन्हा दृष्टीस पडत नाही. ते फाटले आहे किंवा काय, हे फरशीवर आलेल्या ओलीवरूनच ओळखावे लागते, आणि ती ओल मात्र इतर अनेक कारणांनीही येऊ शकते. त्यामुळे फाटलेल्या पटलाची दुरुस्ती हा विषय वस्तुतः दोन भागांचा आहे : काँक्रीट ओतण्यापूर्वी करावयाची सोपी व खात्रीची दुरुस्ती आणि काँक्रीट झाल्यानंतर करावयाची खर्चिक व मर्यादित यश देणारी दुरुस्ती.

ओल वर येण्याचे प्रकार : जमिनीतील पाणी तीन प्रकारांनी फरशीपर्यंत पोहोचते. (१) केशाकर्षण : माती, वीट, चुना व काँक्रीट यांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पृष्ठताणामुळे आपोआप वर चढते. छिद्र जितके बारीक तितकी चढण्याची उंची अधिक. ०·१ मिमी. व्यासाच्या केशनलिकेत पाणी सु. ३० सेंमी. चढते, तर ०·०२ मिमी. व्यासाच्या नलिकेत ते सैद्धांतिक दृष्ट्या सु. दीड मीटरपर्यंत चढू शकते. चिकणमातीतून पाणी दूरवर चढते आणि जाड खडीच्या थरातून जवळजवळ चढत नाही, ते यामुळेच. (२) बाष्पाचे विसरण : फरशीखालील मातीच्या पोकळ्यांतील हवा बहुतेक सर्व काळ बाष्पाने संपृक्त असते. वरच्या खोलीतील हवा तिच्यापेक्षा कोरडी असली म्हणजे बाष्पदाबातील फरकामुळे बाष्प काँक्रीटमधून वर झिरपते. (३) दाबाखालील पाणी : पूर, तुंबलेले गटार किंवा भूजलाची वाढलेली पातळी यांमुळे पाण्याची पातळी फरशीच्या वर गेल्यास ते फटींतून जोराने आत येते.

फरशीखालचे प्लॅस्टिकचे पटल पहिल्या दोन प्रकारांवर प्रभावी ठरते. तिसऱ्यापुढे ते टिकत नाही. ओल कोणत्या प्रकारची आहे हे ठरविल्याशिवाय केलेली दुरुस्ती बहुधा वाया जाते.

इतिहास : जोत्यातून ओल चढू नये यासाठी पटल वापरण्याची कल्पना प्लॅस्टिकच्या आधीची आहे. ब्रिटनमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याला अनुसरून १८७७ मध्ये नमुना उपविधी तयार करण्यात आले व त्यांत भिंतींमध्ये ओलरोधक थर असण्याची अट घालण्यात आली. अशा थरासाठी पाटीच्या दगडाचे तुकडे, शिशाचा पत्रा, अस्फाल्ट किंवा डांबर व वाळू यांचे मिश्रण वापरीत. महाराष्ट्रात जुन्या वाड्यांची जोती घडीव काळ्या दगडाची व चांगली उंच असत. काळा पाषाण स्वतः फारसे पाणी शोषीत नाही. चढलेच तर ते दगडांच्या सांध्यांतील चुन्यामधून चढे. साध्या घरांतील जमीन मातीची व शेणाने सारवलेली असे. ती ओल अडवीत नसे. खालून येणारे बाष्प तिच्यातून सहज बाहेर पडे आणि वरचेवर होणाऱ्या सारवणाने तिची डागडुजीही होत राही. शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा, मोझेइक आणि अलीकडील काचेसारख्या घट्ट चिनी मातीच्या लाद्या यांमुळे फरशी क्रमाने अधिक अपारगम्य होत गेली. बाष्पाला वर वाट न राहिल्याने ते सांध्यांकडे व भिंतींकडे वळू लागले आणि फरशीखालीच त्याला अडविण्याची गरज वाढली.

पॉलिएथिलिनचा शोध इंग्लंडमध्ये विनिंग्टन येथील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनल्ड गिब्सन व एरिक फॉसेट यांना १९३३ मध्ये योगायोगाने लागला. १९३९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याचा उपयोग मुख्यतः रडारच्या केबलींचे निरोधन करण्यासाठी झाला. युद्धानंतर त्याचे स्वस्त व रुंद पटल मिळू लागले आणि बांधकामात डांबरी कागदाची जागा ते घेऊ लागले. भारतात इमारतींच्या ओलरोधनाच्या तपशिलांविषयी आयएस ३०६७ आणि कमी घनतेच्या पॉलिएथिलिनच्या पटलांविषयी आयएस २५०८ ही मानके आहेत. ती तयार करणाऱ्या भारतीय मानक संस्थेचे रूपांतर १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोत झाले.

पटलाचे गुणधर्म : पॉलिएथिलीन पाणी शोषीत नाही, कुजत नाही व सिमेंटमधील अल्कलीने खराब होत नाही. १,००० पास्काल बाष्पदाबाच्या फरकाला २५० मायक्रॉन जाडीच्या अखंड पटलातून दर चौ. मी.ला दिवसाकाठी एक ग्रॅमपेक्षाही कमी पाणी पार होते. उघड्या काँक्रीटमधून त्याच परिस्थितीत अनेक पटींनी अधिक पाणी येते. मात्र पॉलिएथिलीन सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे ठिसूळ बनते. बांधकामावर काही महिने उन्हात पडून राहिलेली गुंडाळी वापरल्यास पटल घडीवरच तडकते. काजळी मिसळलेले काळे पटल उन्हात अधिक टिकते. परंतु बाजारात मिळणारे प्रत्येक काळे पटल चांगले असतेच असे नाही. पुनर्वापराच्या प्लॅस्टिकपासून केलेल्या हलक्या पटलाची जाडी असमान असते व त्यात सूचिछिद्रे असतात. पटल उजेडासमोर धरून पाहिल्यास अशी छिद्रे दिसतात. सिमेंटची रिकामी पोती उसवून अंथरण्याची पद्धत छोट्या बांधकामांवर आढळते. ही पोती विणलेल्या पट्ट्यांची असल्याने विणीतून पाणी व बाष्प दोन्ही जातात. बाष्परोधक म्हणून त्यांचा उपयोग होत नाही.

पॉलिएथिलिनचा आणखी एक गुण दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचा पृष्ठभाग रासायनिक दृष्ट्या उदासीन असल्यामुळे त्याला नेहमीचे सरस, लाकडाचे डिंक वा रंग चिकटत नाहीत. ज्या गुणामुळे ते पाण्याला दाद देत नाही, त्याच गुणामुळे ते ठिगळालाही दाद देत नाही.

फाटण्याची कारणे : पटल बहुधा काँक्रीट ओतण्याच्या दिवशीच फाटते. दगडी सोलिंगवर वाळूचा थर न देता ते सरळ अंथरणे, त्यावरून घमेली व ढकलगाड्या नेणे, सळ्यांची जाळी ओढत आणणे, सळ्यांखालील ठोकळ्यांच्या धारदार कडा, पातळी दाखविण्यासाठी ठोकलेल्या खुंट्या आणि खडीची टोके ही त्याची नेहमीची कारणे होत. मागाहून नळ, मोरीचा पाइप किंवा विजेची नळी टाकण्यासाठी फरशी फोडली जाते, तेव्हाही पटल कापले जाते. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्या भरणीवरील फरशी खचते, भेगाळते आणि पटल ताणले जाऊन सांध्यात उघडे पडते.

छिद्राचे परिणाम : बाष्पाचे वहन क्षेत्रफळाच्या प्रमाणात होत असल्याने दहा चौ. मी.च्या खोलीत बोटाएवढे एखादे छिद्र पडल्यास येणाऱ्या एकूण बाष्पात अल्प भर पडते. पटल काँक्रीटला खालून घट्ट चिकटलेले असेल तर परिणाम त्या छिद्राच्या आसपासच राहतो. म्हणून एका छिद्रामुळे सबंध पटल निकामी झाले असे समजण्याचे कारण नाही. याच्या उलट पटलाच्या कडा भिंतीपाशी वर वळवून भिंतीतील ओलरोधक थराला जोडल्या नसतील, तर पटल मधोमध कितीही अखंड असले तरी खोलीच्या चारही बाजूंनी ओल येते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीची परिमिती चाळीस फूट असते. चाळीस फुटांची उघडी फट कोणत्याही छिद्रापेक्षा मोठी असते. म्हणजे पटलाची खरी परीक्षा त्याच्या मधल्या भागात नसून कडांवर, सांध्यांत व नळांभोवती होते.

काँक्रीटपूर्वीची दुरुस्ती : या अवस्थेत दुरुस्ती थोड्या मिनिटांची व नगण्य खर्चाची असते. प्रथम भरणी पाणी मारून धुम्मस केलेली व तिच्यावर २५ ते ५० मिमी. जाडीचा वाळूचा किंवा बारीक चुरीचा थर असल्याची खात्री करतात. फाटलेल्या जागेखाली टोकदार खडा असल्यास पटल उचलून तो काढतात. तसे न केल्यास ठिगळही त्याच ठिकाणी फाटते. त्यानंतर फाटलेल्या भागाभोवतीची माती व सिमेंटची धूळ कोरड्या फडक्याने पुसतात. त्याच जाडीच्या पटलाचे ठिगळ छिद्राच्या प्रत्येक बाजूस किमान १५० मिमी. पसरेल एवढे कापतात व त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने सलग बंद करतात. चिकटपट्टी ब्युटिल रबराची किंवा बिट्युमेनाची, पॉलिएथिलिनसाठीच बनविलेली असावी लागते. खोकी बंद करण्याची तपकिरी पट्टी कोरडी असताना चिकटलेली दिसते, पण ओलाव्यात काही दिवसांतच सुटते. पट्टी लावल्यावर ती मधूनच न दाबता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाकडी गुळगुळीत तुकड्याने घासून बसवितात, म्हणजे तिच्याखाली हवेच्या वाटा राहत नाहीत.

लांबलचक किंवा कोनाकृती फाट असल्यास ठिगळांवर ठिगळे न लावता त्या पट्ट्यावर नवे पटल अंथरणे चांगले. दोन पटलांच्या कडा एकमेकींवर किमान १५० मिमी. चढवून सांधा पट्टीने बंद करतात. नळाभोवती पटलाचे वेगळे गळपट्टे कापून ते नळाला व खालच्या पटलाला चिकटवितात. कमी घनतेचे पॉलिएथिलीन सु. ११०° से.ला वितळते. गरम हवेच्या यंत्राने कुशल कारागीर त्याचे सांधे वितळवून जोडू शकतो. मेणबत्तीने किंवा घरगुती इस्त्रीने तसे करू गेल्यास सांध्यालगत नवी छिद्रे पडतात. दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या वाटेवर फळ्या टाकतात आणि काँक्रीट उंचावरून न ओतता पटलाजवळून पसरतात. पटलामुळे काँक्रीटमधील जादा पाणी खाली मुरत नाही. म्हणून मिश्रणात पाणी बेताने ठेवणे व वरचा पृष्ठभाग नीट भिजवून मुरविणे आवश्यक असते. नाहीतर वरची बाजू लवकर सुकून फरशीच्या कडा वर उचलतात व भेगा पडतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व इतर काही थंड देशांत अनेक घरांची लाकडी जमीन मातीपासून अर्धा-एक मीटर उंचीवर खांबांवर बसविलेली असते आणि खालच्या पोकळीत मातीवर प्लॅस्टिकचे पटल उघडेच अंथरलेले असते. तेथे माणूस रांगत आत जाऊन फाटलेल्या पटलाला वर सांगितल्याप्रमाणे ठिगळ लावू शकतो. महाराष्ट्रातील घरांत जोते दगडमातीने भरलेले असल्यामुळे अशी पोकळी नसते. परदेशी पुस्तकांतील दुरुस्तीच्या सोप्या सूचना येथे तशाच लागू पडत नाहीत, त्या याच कारणाने.

कासारवाडी परिसरातील स्थिती : पुणे जिल्ह्यातील कासारवाडी ही वस्ती मुंबई–पुणे रस्ता व लोहमार्ग यांलगत, पवना नदीच्या डाव्या तीरावर वसलेली आहे. नदीच्या पलीकडे पिंपळे गुरव असून खाली दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. नदीलगतच्या पट्ट्यात गाळाची व काळी माती, तर उंचवट्यांकडे मुरूम व त्याखाली काळा पाषाण, अशी या खोऱ्यातील जमिनीची सर्वसाधारण रचना आहे. मुरमातून पाण्याचा निचरा होतो, काळ्या मातीतून तो होत नाही. त्यामुळे थोड्या अंतरावरील दोन घरांचे ओलीचे प्रश्न वेगवेगळे असू शकतात.

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि पुढील दशकांत या परिसरात मोठे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांनी जुन्या गावठाणांत व त्यांभोवतीच्या वस्त्यांत खोल्या घेतल्या वा गुंठा-दोन गुंठे जागेत बैठी घरे बांधली. अशी घरे बहुधा टप्प्याटप्प्याने, हातात पैसा येईल तशी बांधली गेली. आधी एक खोली, मग मोरी, मग पुढची पडवी, असे काम होत गेल्याने फरशीखालील पटल असलेच तरी ते सलग राहिले नाही. ओल नेमकी या जोडांच्या रेषांवर दिसते.

जुन्या घरांच्या ओलीचे दुसरे कारण घराबाहेर असते. डांबरीकरण व काँक्रीटीकरण यांच्या थरांवर थर चढून रस्त्याची व गल्लीची पातळी दर काही वर्षांनी वाढते. एकेकाळी रस्त्यापासून दोन पायऱ्या उंच असलेले जोते रस्त्याच्या बरोबरीला किंवा त्याखाली येते. भिंतीतील ओलरोधक थर बाहेरील जमिनीपासून किमान १५० मिमी. उंच असावा लागतो. तो गाडला गेला की पाणी थराला वळसा घालून वरच्या विटांत शिरते. अशा घरात फरशीखालच्या पटलाला दोष देऊन फरशी उखडल्यास खर्च होतो, ओल मात्र कायम राहते.

निदान : पुणे परिसरात पावसाळ्याच्या सुरुवातीस फरशीवर आलेले पाणी खालूनच आलेले असेल असे नाही. हवेचे तपमान २८° से. व सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असता दवबिंदू सु. २५° से. असतो, फरशी त्याहून थंड असल्यास तिच्यावर हवेतील बाष्पच द्रवरूप होते. याला फरशीला घाम येणे असे म्हणतात. या दोहोंतील भेद साध्या चाचणीने कळतो. फरशी कोरडी पुसून तिच्यावर सु. ४५ सेंमी. बाजूचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा ठेवतात व त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करतात. किमान १६ तासांनंतर पाणी प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूस जमले किंवा झाकलेली फरशी काळपट पडली, तर ओल खालून येते. पाणी केवळ वरच्या बाजूस जमले, तर तो घाम होय. ही चाचणी खोलीच्या मध्यभागी, भिंतीपाशी व मोरीजवळ अशा तीन ठिकाणी करतात. मध्यभागी कोरडे व भिंतीपाशी ओले असल्यास दोष कडेचा. एकाच ठिकाणी ओले असल्यास पटलातील छिद्र किंवा गळका नळ. सर्वत्र ओले असल्यास पटलाचा अभाव किंवा पाणीपातळीची वाढ, असा अंदाज बांधता येतो. गळका नळ ओळखण्यासाठी सर्व तोट्या बंद करून रात्रभर पाण्याच्या मीटरवरील आकडा बदलतो का, हे पाहतात. उन्हाळ्यातही न सुकणारी ओल बहुधा नळाची किंवा मैलापाण्याची असते.

भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी येणे व गिलाव्याचे पोपडे सुटणे यास लोणा लागणे म्हणतात. पाण्याबरोबर चढलेले क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात व त्यांच्या स्फटिकीभवनाने गिलावा फुटतो. लोणा वरून खरवडून पुन्हा रंग दिल्यास तो पुढील पावसाळ्यात परत येतो. ओल्या खोलीत बुरशी वाढते, धान्य व कपडे खराब होतात, आणि दम्याचा विकार असलेल्यांना त्याचा विशेष त्रास होतो. लहान मुले व वृद्ध जमिनीवर बसतात व झोपतात, त्या घरांत फरशीची ओल ही केवळ बांधकामाची बाब राहत नाही.

काँक्रीटनंतरची दुरुस्ती : प्रथम घराबाहेरील पाण्याची व्यवस्था करतात. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर नेणे, जोत्याभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी करणे, गटार मोकळे करणे व गळके नळ बदलणे ही कामे फरशीला हात न लावता होतात. पुष्कळ घरांत तेवढ्यानेच ओल आटोक्यात येते. त्यानंतर एक पावसाळा वाट पाहून मगच फरशी फोडण्याचा निर्णय घेणे श्रेयस्कर असते.

दोष एका जागी असल्याचे निश्चित झाल्यास तेवढ्या भागातील लाद्या काढून, ओल्या डागाच्या सर्व बाजूंनी सु. ३० सेंमी. पुढेपर्यंत काँक्रीट फोडतात. शेवटचा भाग यंत्राने न तोडता छिन्नीने तोडतात, म्हणजे जुन्या पटलाची किमान १५० मिमी. रुंदीची कड न कापता मोकळी होते. हीच पायरी सर्वांत नाजूक असते. ती चुकल्यास छिद्र मोठे होण्यापलीकडे काही साधत नाही. भिजलेली भरणी काढून तेथे कोरडा मुरूम व वर वाळू घालतात. पटल हा वाळवीवरचा उपाय नव्हे. म्हणून मातीवर पूर्वी केलेली वाळवीरोधक प्रक्रिया खोदाईने मोडली असल्यास ती पुन्हा करून घेतात [⟶ वाळवी]. जुनी कड पुसून कोरडी केल्यावर नवे पटल तिच्यावर चढवून पट्टीने बंद करतात व जलरोधक द्रव्य मिसळलेल्या काँक्रीटने खड्डा भरतात. जुन्या व नव्या काँक्रीटच्या सांध्यात दाट सिमेंटपाणी लावतात. लाद्या बसविण्यापूर्वी काँक्रीट पुरेसे सुकू देणे आवश्यक असते. अन्यथा त्यातील मूळचे पाणीच पुढे ओल म्हणून दिसते.

पटल मुळातच नसेल किंवा बहुतेक ठिकाणी फाटले असेल, तर सबंध फरशी फोडण्याऐवजी जुन्या फरशीवर नवे पटल घालतात. फरशी समपातळीत आणून तिच्यावर २५० मायक्रॉनचे पटल अंथरतात, त्याच्या कडा भिंतीवर वळवून भिंतीतील ओलरोधक थराला भिडवितात व त्यावर किमान ५० मिमी. काँक्रीट आणि लाद्या घालतात. या पद्धतीत फरशीची पातळी सु. ७० ते ८० मिमी.ने वाढते. दारे खालून कापावी लागतात, उंबरे व मोरीचे उतार बदलतात आणि ठेंगण्या खोलीची उंची आणखी कमी होते. उंची वाढविणे शक्य नसल्यास ओलसर काँक्रीटवर चालणाऱ्या इपॉक्सी लेपाचे दोन हात देतात. तथापि फरशीचा पृष्ठभाग घासून त्यावरील धूळ व मेण पूर्णपणे काढल्याशिवाय लेप टिकत नाही.

भिंतीत ओलरोधक थर नसताना केवळ फरशी बंद करणे धोक्याचे असते. फरशीतून उडून जाणारे पाणी तेथे अडले की ते भिंतींकडे वळते व पूर्वी वीतभर उंचीवर असलेला लोणा कमरेपर्यंत चढू शकतो. म्हणून फरशी व भिंत यांचा विचार एकत्रच करावा लागतो. भिंतीत पटल घालण्यासाठी विटांचा एक थर टप्प्याटप्प्याने, एका वेळी थोड्या लांबीत कापून तेथे नवा थर बसवितात किंवा तळाशी भोके पाडून त्यांत जलरोधक रसायन भरतात. पहिली पद्धत अनुभवी गवंड्याच्या देखरेखीशिवाय करू नये.

मर्यादा : पवनेच्या काठच्या सखल वस्त्यांत २०१९ व २०२४ मध्ये पुराचे पाणी शिरले होते. अशा वेळी फरशीखालील पटलाकडून संरक्षणाची अपेक्षा करणे चुकीचे ठरते. १०० मिमी. जाडीच्या काँक्रीटचे वजन दर चौ. मी.ला सु. २४० किग्रॅ. असते. पाण्याची पातळी फरशीच्या तळापासून केवळ २४ सेंमी. वर गेली तरी तिचा वर उचलणारा दाब या वजनाइतका होतो; त्यापुढे फरशी उचलली जाते किंवा तडकते. पूररेषेच्या आतील घराला जोते उंच करणे किंवा जागा बदलणे हेच उपाय उरतात. पूर ओसरल्यावर फरशीखालील भरणी कित्येक महिने ओली राहते. त्या अवधीत नव्या लाद्या वा लेप बसविल्यास ते सुटून येतात. म्हणून आधी दारे-खिडक्या उघड्या ठेवून घर सुकविणे इष्ट असते.

औद्योगिक फरश्या : पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातील कारखाने व गोदामे यांच्या फरश्यांखालीही प्लॅस्टिकचे पटल घालतात. तेथे त्याचे कार्य दुहेरी असते. ते ओल अडविते आणि काँक्रीट आकसताना त्याला खालच्या थरावरून सरकू देऊन भेगा कमी करते. इपॉक्सीचे चकचकीत लेप दिलेल्या फरश्यांखाली पटल फाटलेले असल्यास लेपाखाली बाष्प कोंडते, फोड येतात व लेप सोलला जातो. अशा कामांत काँक्रीट ओतण्यापूर्वी पटलाची रीतसर पाहणी करून दुरुस्तीच्या जागांची नोंद ठेवतात. घरबांधणीत अशी पाहणी क्वचितच होते. काँक्रीट येण्याच्या सकाळी पटलावरून अनवाणी एक फेरी मारून सांधे, कडा व नळांभोवतीची जागा पाहणे आणि छिद्रांवर ठिगळे लावून घेणे एवढेच त्यासाठी लागते. लहान घराला ते अर्ध्या तासाचे काम असते. तेवढे न केल्यास पुढील दुरुस्तीसाठी राहते घर रिकामे करावे लागू शकते.